सोका बंद करणाऱ्या बाई

कँटीनमधल्या रेडिओवर एका विशिष्ट प्रकारचं गाणं लागलं की मिसेस महाबीर हातातला चमचा खाली ठेवायच्या, उठायच्या, जेवणाऱ्या तीस-चाळीस माणसांमधून वाट काढत खिडकीपाशी जायच्या आणि रेडिओचा प्लग भिंतीतून उपटायच्या. बटण फिरवायच्या नाहीत, प्लगच उपटायच्या. मग जागेवर येऊन उरलेलं सूप शांतपणे संपवायच्या. २००९च्या उन्हाळ्यात, गॉलवेमधल्या आमच्या कारखान्यात, हे आठवड्यातून दोनदा तरी व्हायचं आणि कुणी ब्र काढायचं नाही. आम्ही हृदयाच्या रक्तवाहिन्यांत घालायच्या बारीक नळ्या बनवायचो. त्यांची शेवटची तपासणी मिसेस महाबीर यांच्याकडे होती. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून बघून मान हलवल्याशिवाय एक खोकंही बाहेर पडत नसे. अशा बाईशी रेडिओवरून भांडणार कोण?

ते गाणं म्हणजे सोका. कॅरिबियन बेटांवर कार्निव्हलच्या मिरवणुकीत ट्रकवरून वाजतं ते, पळत्या ठेक्याचं, ऐकणाऱ्याची कंबर आपोआप हलवणारं. त्या वर्षी ते आयर्लंडमध्ये सगळीकडे शिरलं होतं. पेट्रोल पंपावर, लग्नांत, कपड्यांच्या दुकानात. मंदीने गावाची कळा गेली होती, निम्म्या घरांवर विक्रीच्या पाट्या होत्या आणि वर ढग. लोकांना उन्हाचं काहीतरी हवं होतं. मिसेस महाबीर ज्या बेटावरून आल्या होत्या, त्या त्रिनिदादचंच हे संगीत. त्यामुळे त्यांचा त्यावरचा राग सगळ्यांना आणखीच कोड्यात टाकायचा.

मी पुण्याहून २००८मध्ये इथे आले, गुणवत्ता विभागात इंजिनियर म्हणून. पहिल्याच दिवशी गाऊन आणि डोक्याची जाळी चढवताना शेजारच्या बाईच्या छातीवरची पाटी वाचली, इंद्राणी महाबीर, आणि माझा जीव भांड्यात पडला. पन्नाशीच्या आसपासचं वय, सावळा रंग, माझ्या मावशीसारखी कपाळपट्टी.

“तुम्ही इंडियाच्या?” मी उत्साहाने विचारलं.

“कूव्हाची.”

“ते कुठे आलं?”

“तुला कूव्हा माहीत नाही, मला इंडिया माहीत नाही. फिटंफाट.” आणि त्या आत निघून गेल्या.

इंग्रजीत तू-तुम्ही असा भेद नसतो. पण त्या माझ्याशी जे बोलायच्या त्याचं मराठी करायचं तर ‘तू’च करावं लागेल, आणि तेही जरा लांबून फेकलेलं. पुढे एकदा मी लाडीगोडी म्हणून ‘इंद्राणीताई’ म्हणून पाहिलं. ताई म्हणजे काय, हे त्यांनी विचारून घेतलं आणि म्हणाल्या, “मला चार भाऊ होते, बहीण नव्हती. आता भरतीही चालू नाही.” आयरिश सहकारी त्यांना ‘इंडी’ म्हणायला गेले, तर त्यांना आठवडाभर उत्तरच मिळालं नाही. शेवटी सगळ्यांसाठी त्या मिसेस महाबीरच राहिल्या. लग्न झालेलं नव्हतं, तरी मिसेस. “मिस म्हटलं की माणसं कीव करतात,” असं त्यांचं म्हणणं.

मला त्या आवडत नव्हत्या, हे स्पष्टच सांगते. त्यांनाही मी आवडत नसावे. कारखान्याच्या कौटुंबिक मेळाव्यासाठी मनुष्यबळ विभागातली ब्रिजीद त्यांच्याकडे गेली आणि गोड हसून म्हणाली, “तुम्ही डोक्याला पिसं-बिसं लावून आम्हाला सोका शिकवलंत तर काय मजा येईल!” तेव्हा मी शेजारीच उभी होते. मिसेस महाबीर म्हणाल्या, “ब्रिजीद, तुझ्या आजीच्या मयताला तू काय घालून नाचली होतीस? ते मला दे, मी तेच घालते.” ब्रिजीद डोळे पुसत गेली. मला वाटलं, केवढा हा उद्धटपणा. बिचारी चांगल्या मनाने विचारत होती.

त्याच सुमारास गावच्या क्रीडा केंद्रात दर मंगळवारी संध्याकाळी सोकाचा व्यायामवर्ग सुरू झाला. ओरला नावाची तरतरीत आयरिश मुलगी तो घ्यायची. आम्ही पंचवीस बायका रांगेत उभ्या राहून घाम गाळायचो. माझी मुलगी सानिका तेव्हा नऊ वर्षांची होती, तीही माझ्याबरोबर यायची आणि माझ्यापेक्षा बरं नाचायची. एका मंगळवारी दार उघडलं आणि मिसेस महाबीर आत आल्या. अंगात कोट, हातात भाजीची पिशवी. पाच मिनिटं भिंतीशी उभ्या राहून बघत होत्या. मी मागच्या रांगेत एका उंच बाईच्या आड लपले.

गाणं संपल्यावर त्या ओरलाला म्हणाल्या, “तू आकडे मोजतेस.”

“हो, आठपर्यंत. म्हणजे सगळ्यांना सोपं जातं.”

“कंबर मोजून हलत नाही. मोजून फक्त शवपेटी उचलतात.”

एवढं बोलून त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसल्या. इतक्या महिन्यांत प्रथमच.

“तिथे जायला तुझं काय गेलं?”

“काही नाही. मंगळवारी मी मोकळीच असते.”

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “तेच.” आणि सूप न पिताच उठल्या.

मला वाटलं, यांना अजून कळलेलं नाही की यांचं संगीत कुठवर पोचलंय. म्हणून मी एकदा त्यांना संगणकावर व्हिडिओ दाखवले. पोलंडमधल्या बायका, जपानमधल्या बायका, बर्फाच्या देशांतले तरुण, सगळे त्याच ठेक्यावर. माझी अपेक्षा होती की त्यांना अभिमान वाटेल. त्यांनी तिन्ही व्हिडिओ पूर्ण पाहिले.

“गाणं जगभर फिरून आलं,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांनी दारं उघडली त्याला. छान. गाण्यामागे नाचणारी जी पोर होती, तिला आत कुणी घेतलं ते दाखव.”

मला त्याचा अर्थ लागला नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

अर्थ कळला तो २०१०च्या डिसेंबरात. त्या वर्षी आयर्लंडमध्ये कुणी पाहिला नव्हता असा बर्फ पडला. कारखाना दुपारी दोनलाच बंद केला. मी सानिकाला शाळेतून उचललं आणि मुंगीच्या पावलांनी गाडी घराकडे काढली, तर बसथांब्यावर मिसेस महाबीर उभ्या. टोपीवर बर्फाचा थर.

“बसा गाडीत.”

“बस येईल.”

“बस बंद आहेत.”

“मग चालेन.”

सानिकाने मागचं दार उघडलं आणि तिच्या अस्सल आयरिश हेलात ओरडली, “आत या हो मिसेस, गोठून मराल!” मी बोलावून ज्या हलल्या नव्हत्या त्या मुकाट आत येऊन बसल्या. एरवी वीस मिनिटांचा रस्ता. त्या दिवशी दोन तास लागले. पुढे गाड्यांची रांग, वायपरची करकर. रेडिओ मी खबरदारी म्हणून लावलाच नव्हता. सानिकाने, मुलं विचारतात तसं सरळ विचारलं, “तुम्हाला सोका का आवडत नाही?”

मी आरशातून तिच्यावर डोळे वटारले. पण मिसेस महाबीर बोलायला लागल्या, समोरच्या काचेकडे बघत.

कूव्हा हे उसाच्या मळ्यांमधलं गाव. त्यांच्या पणज्याला गोऱ्यांनी हिंदुस्थानातून जहाजात घालून ऊस तोडायला आणलं होतं. वडील गावच्या देवळाचे प्रमुख. रविवारी ते स्वतः ढोलक घेऊन भजनाला बसायचे. “बाप वाजवायचा तो ठेका पुढे त्या गाण्यांत गेला,” त्या म्हणाल्या. “माझ्या लहानपणी ऐकला होता देवळात, आणि एकोणीस वर्षांची असताना ऐकला ट्रकवर. मला वाटलं, हे तर आपल्याच घरचं आहे.” कार्निव्हलच्या मंगळवारी त्या मैत्रिणीबरोबर शहरात गेल्या आणि दिवसभर ट्रकमागे नाचल्या. बुधवारच्या वर्तमानपत्रात फोटो आला. हात वर, डोळे मिटलेले, इंद्राणी महाबीर सगळ्यांत पुढे.

“घरी आले तर माझी ट्रंक ओट्यावर. बाप म्हणाला, माझी मुलगी काल वारली. मला वाटलं, रागात बोलतोय. पण त्याने खरोखरच सुतक धरलं. दहाव्याला डोकं भादरलं, नदीवर पिंड दिले. तेराव्याला गावजेवण घातलं. मी समोरच्या घराच्या आडोशाला उभी राहून बघत होते. आजीने मागच्या दाराने एक पान वाढून आणून दिलं.”

त्या ‘आजी’च म्हणाल्या. दीडशे वर्षांपूर्वी जहाजातून गेलेला शब्द, आपल्या शब्दासारखाच. सानिकाने तो लगेच ओळखला.

“मग तुम्ही जेवलात?” तिने विचारलं.

“जेवले. स्वतःच्या तेराव्याचं जेवण. भूक लागली होती.”

“चांगलं होतं?”

“भोपळ्यात मीठ कमी होतं.”

मला रस्ता दिसेनासा झाला होता आणि त्याला बर्फ कारण नव्हता. पुढचं त्यांनी दोन वाक्यांत संपवलं. शाळेतल्या एका आयरिश ननने त्यांना इथल्या मठाच्या स्वयंपाकघरात काम मिळवून दिलं, आणि मग हा कारखाना. नाव बापाचंच ठेवलं. “त्याने मला मारून टाकलं ना? मी त्याचं नाव रोज छातीवर लावून फिरते. जळू दे.”

गाडीतून उतरताना सानिकाने विचारलं, “मला शिकवाल? खरं खरं?”

“नाही,” त्या म्हणाल्या आणि दार आपटलं.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी आमच्या दाराची घंटा वाजली. मिसेस महाबीर, तोच कोट. “तुझी मुलगी त्या आकडे मोजणारीकडून शिकणार असेल तर ते मला बघवणार नाही,” त्या म्हणाल्या आणि थेट स्वयंपाकघरात शिरल्या. टेबल भिंतीला सरकवलं. इथे ज्याला ‘प्रेस’ म्हणतात त्या कपाटातून सानिकाला स्टीलचं पातेलं काढायला लावलं आणि ते उलटं घालून त्यावर दोन चमच्यांनी ठेका धरला. गाणं नाही, नुसता ठेका. “उड्या मारू नकोस, बकरी आहेस का? पाय जमिनीत. जमीन तुझी आहे, भाड्याची नाही.” तासाभरात सानिका तीनदा रडली. पुढच्या शनिवारी साडेनऊपासून खिडकीशी त्यांची वाट बघत उभी होती.

त्यानंतरचा भाग मला सांगायला जड जातो.

२०११च्या गणेशोत्सवात आमच्या तीस-चाळीस मराठी कुटुंबांच्या मंडळाचा सांस्कृतिक कार्यक्रम माझ्याकडे होता. डॉक्टर, इंजिनियर, त्यांची मुलं आणि भारतातून आलेले आई-वडील. सानिकाचा नाच मी कार्यक्रमपत्रिकेत ‘कॅरिबियन लोकनृत्य’ म्हणून घातला. मिसेस महाबीर यांनाही बोलावलं. त्या आल्या, दुसऱ्या रांगेत कोट घालून बसल्या. पहिल्या रांगेत कराडहून आलेले माझे सासरे, अण्णा.

सानिका सुंदर नाचत होती. मोजत नव्हती. डोळे मिटले होते. दोनेक मिनिटं झाली असतील, अण्णा उभे राहिले.

“सूनबाई, बंद करा ह्ये. देवापुढं पोरीनं कंबर नाचवायची? आमच्यात न्हाई चालत असली थेरं.”

सभागृहातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. अतुल, माझा नवरा, जमिनीकडे बघत होता. मंडळाचे अध्यक्ष घसा खाकरत होते. मला तेव्हा काहीही करता आलं असतं. अण्णांना खाली बसा म्हणता आलं असतं, निदान गाणं संपेपर्यंत थांबता आलं असतं. मी टेबलापाशी गेले आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं.

सानिकाने डोळे उघडले. हात अजून वरच होते. आधी ती तांत्रिक बिघाड समजली, मग तिने माझा हात झाकणावर पाहिला.

मिसेस महाबीर उठून माझ्यापर्यंत आल्या. आवाज अजिबात चढवला नाही. “मग? डोकं कधी भादरतेस? तेराव्याला मला बोलाव. मला त्या जेवणाची सवय आहे.”

त्या काय म्हणाल्या हे त्या सभागृहात फक्त दोघींना कळलं. मला आणि स्टेजवरच्या सानिकाला. त्यांनी सानिकाचा कोट घेतला, तिला स्टेजवरून उतरवलं आणि दोघी बाहेर पडल्या. पाठोपाठ मी आरती सुरू केली. अजूनही ती आरती आठवली की मला लाज वाटते.

सानिका दीड महिना माझ्याशी बोलली नाही. एरवी मी मराठीत बोलायचे आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. आता कुठल्याच भाषेत देईना. सोमवारी कामावर मिसेस महाबीर यांनी माझ्या विभागाची अकरा खोकी परत पाठवली. मला वाटलं, सूड. दुपारभर एकेक नळी तपासली, तर अकराही खोक्यांत खरोखर दोष होता. अण्णा नोव्हेंबरात परत गेले. जाताना मी त्यांच्या पाया पडले, त्यांनी आशीर्वाद दिला. त्या प्रसंगाविषयी घरात एक अक्षर निघालं नाही. आमच्या घरात भांडत नाहीत, गप्प बसतात. लग्नानंतर सासूबाईंनी मला हे गुण म्हणूनच सांगितलं होतं.

मी सानिकाची माफी मागितली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि अण्णांचं काय?” मी म्हटलं, ते वयाने मोठे आहेत. ती उठून गेली.

शनिवार मात्र सुटले नाहीत. आता सानिका मिसेस महाबीर यांच्याकडे जायची. मी तिला सोडायचे आणि खाली गाडीत तासभर बसायचे. वर यायची मला परवानगी नव्हती. २०१२च्या उन्हाळ्यात गावच्या मिरवणुकीत सानिका एका पथकाबरोबर नाचली, ट्रकमागे, भर रस्त्यात. मिसेस महाबीर फुटपाथवरून तिच्या बरोबरीने चालत होत्या आणि सतत ओरडत होत्या, “खांदे! खांदे सोड! कुणाला घाबरतेस?” पाऊस आला, निम्मी गर्दी पांगली. एका वळणावर त्या फुटपाथवरून खाली उतरल्या आणि कोटाची बटणंही न काढता दहा-बारा पावलं नाचल्या. त्रेपन्नाव्या वर्षी त्या बाईच्या अंगात जे होतं ते आमच्या मंगळवारच्या पंचवीस जणींत मिळून नव्हतं. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

“काय बघतेस?” त्या खेकसल्या आणि परत फुटपाथवर चढल्या.

२०१३च्या जानेवारीत त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. वडील नव्वद पार केलेले, अंथरुणाला खिळलेले, मुलीचं नाव घेतात म्हणे. पस्तीस वर्षांत घरून आलेला पहिला फोन. “मी सांगितलं त्याला, मेलेल्या माणसांना विमानाचं तिकीट मिळत नाही,” त्यांनी कँटीनमध्ये मला ऐकवलं. तीन आठवडे त्या दिसेल त्यावर खेकसत होत्या. चौथ्या आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला.

त्यांना बसस्थानकावर सोडायला मी आणि सानिका गेलो. एकच बॅग. फेब्रुवारीचा बोचरा वारा, डब्लिनच्या विमानतळाची बस लागलेली. सानिका त्यांना बिलगली, त्यांनी तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि बाजूला केलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “बरं केलंत. शेवटी माफ केलंत त्यांना.”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी सूक्ष्मदर्शकाखाली आले.

“माफ? कुणी सांगितलं तुला? मी भांडायला चाललेय. पस्तीस वर्षांचं भांडण आहे. तो मेला तर मी कुणाशी भांडू? त्याच्या फोटोशी?”

बस गेली. त्यांनी खिडकीतून हात हलवला नाही.

मार्चच्या शेवटी त्यांचा फोन आला, सानिकासाठीच. वडील गेले होते. त्या पाच आठवडे त्यांच्याजवळ होत्या. सानिकाने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता.

“भांडलात?” तिने विचारलं.

“रोज. आंघोळ घालताना, भरवताना. त्याला ऐकू कमी यायचं, म्हणून ओरडून. शेजारी गोळा व्हायचे.”

“ते काय म्हणाले?”

“पहिले दोन आठवडे काही नाही. मग एक दिवस म्हणाला, फोटोत तू चांगली दिसत होतीस.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, ही अक्कल तेव्हा कुठे होती? आणि परत पहिल्यापासून भांडायला लागले.” मग त्या म्हणाल्या, “मी इथेच राहतेय आता. खांदे सोडून नाचतेस ना?” आणि फोन ठेवला. माझी चौकशी केली नाही.

त्या रविवारी अण्णांना नेहमीचा फोन करायचा होता. हवापाणी, तब्येत, गोळ्या. अतुल सवयीने नंबर फिरवत होता. मी त्याच्या हातातून फोन घेतला. सानिका जिन्यावर बसून शाळेचं पुस्तक वाचत होती, तिने मान वर केली. पलीकडे अण्णांनी ‘हॅलो’ म्हटलं.

“अण्णा, मी मेधा. मला तुमच्याशी भांडायचंय.”

पलीकडे कराडला खट्ट झालं आणि पंख्याची घरघर थांबली.

“बोल की,” अण्णा म्हणाले. “ऐकतोय.”